परदेशी निघताना औषधांची चिठ्ठी

सोलापूरहून लेकीकडे अमेरिकेला निघालं की शेंगाचटणी, कडक भाकरी आठवणीने बांधली जाते. औषधं मात्र शेवटच्या रात्री आठवतात. आठवडाभर आधीच डॉक्टरांकडून लेटरहेडवर औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडच्या दुकानात कळत नाहीत. साध्या पॅरासिटामॉललाही तिथे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटासकट हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन तर चेक-इनच्या बॅगेत कधीच नको, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. दुबईला जाणार असाल तर ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली दुखण्याची, खोकल्याची औषधं परवानगीशिवाय नेऊ नका. आणि ओआरएसची चार पाकिटं. जुलाब लागल्यावर परक्या गावात रात्री दुकान शोधण्याइतकी ताकद अंगात उरत नाही हो.