उताराच्या जागेवर मांडव उभारताना

इंदूरमध्ये मांडवाचे आणि समारंभांचे काम शिकू पाहणाऱ्या नवोदितांनी जागा पाहायला जाताना फीत, सुतळी आणि पारदर्शक लांब नळी बरोबर न्यावी. सिमरोलच्या बाजूची किंवा रालामंडलजवळची जी बाग यजमानांना अगदी सपाट वाटते, तिच्या दोन टोकांत हातभर फरक निघाला तरी नवल नाही. नळीत पाणी भरून, आतली हवा पूर्ण काढून, दोन्ही टोके दोन खुंट्यांपाशी धरावीत. पाणी स्थिरावले की त्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजावे. या दोन मापांतील फरक म्हणजेच त्या दोन जागांमधील चढउतार.

मांडणी उतारानुसार ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगमंच खालच्या अंगाला, परंतु अगदी खोलगट भागात नाही, आणि पाहुण्यांच्या रांगा उताराला आडव्या ठेवल्या, तर मागच्यांनाही नीट दिसते. रंगमंच वर ठेवण्याचा आग्रह काही यजमान धरतात. तेव्हा चढाकडे तोंड केलेली एक खुर्ची मांडून त्यांनाच तीत बसवावे, म्हणजे ती मागे कशी कलते हे बोलून दाखवावे लागत नाही.

रातोरात मुरूम टाकून जागा सपाट करून देण्याचा प्रस्ताव हमखास येतो. न धुमसलेला मुरूम माणसांच्या वजनाने बसतो आणि वरची फरशी एका बाजूला झुकते. त्यापेक्षा खालच्या बाजूला लांब पाइप लावून, तिरके आधार देऊन पाटातन, म्हणजे पाइपांवर उभारलेली फळ्यांची जमीन, समपातळीत आणावे. पाइपाच्या पायाशी उंची जुळवणाऱ्या जॅकचा स्क्रू शेवटपर्यंत बाहेर काढून उंची साधू नये, आणि प्रत्येक बेस प्लेटखाली, म्हणजे पायाच्या लोखंडी पट्टीखाली, जाड फळी असावीच. माळव्याची काळी माती ओलाव्याने फुगते व मऊ होते, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. या दोन्ही अवस्थांत मांडवाचे दोर बांधायच्या खुंटीची पकड भरवशाची नसते. मग दोर बांधायला खुंटीऐवजी पाण्याने भरलेले पिंप वापरतात, परंतु २०० लिटरचे पिंप २०० किलोचा आडवा ताण रोखील असे समजू नये, कारण उतारावर ते आधी घसरते.

पावसाची शक्यता असल्यास चढाच्या बाजूला मांडवाबाहेर चर खणून पाणी वळवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खोलगट भागात साचतो. म्हणून भट्ट्या आणि सिलिंडर खड्ड्यात ठेवू नयेत, तसेच त्यांच्या खालच्या अंगाला जनरेटरही ठेवू नये.

चाकांच्या खुर्चीसाठी उतरण १:१२ धरावी, म्हणजे अर्धा मीटर उंच पाटातनाला सहा मीटर लांबी लागते. ही लांबी पहिल्या आराखड्यातच दाखवावी आणि दरपत्रकात पाटातन व उतरण यांचा खर्च सजावटीपासून वेगळा लिहावा. अन्यथा फुलांच्या घासाघिशीत नेमका हाच खर्च कापला जातो.