भर उन्हात रोल वाया का जातो? फिल्म स्पीड आणि शटर निवडताना या चुका टाळा

डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याचा वेग, दर फोटोला बदलता येतो. फिल्मवर तो रोल घालतानाच ठरतो आणि ३६ फोटो संपेपर्यंत तोच राहतो. म्हणून पहिली चूक शटर दाबण्याआधी, दुकानातच होते: "४०० चा द्या, कुठेही चालतो."

कुठेही चालतो हे खरं, पण एप्रिल-मेच्या टळटळीत उन्हात तो तुमचे हात बांधतो. हिशोब साधा आहे. ‘सनी सिक्स्टीन’ नियमानुसार, सावली ठसठशीत पडत असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं (हे लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचं. म्हणजे ४०० च्या रोलला १/५०० सेकंद. आता पोर्ट्रेटसाठी मागचं धूसर हवं म्हणून एफ/४ लावलं, तर शटर १/८००० लागेल. पेंटॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्याचं शटर १/१००० लाच थांबतं, झेनिट-ई तर १/५०० ला. के १००० वर ४०० चा रोल असेल, तर भर दुपारी एफ/११ पेक्षा मोठं अ‍ॅपर्चर उघडताच जास्त प्रकाश आत येतो. तिथेच १०० चा रोल असता तर एफ/५.६ आणि १/१००० सहज जमलं असतं. ४०० घालून बसलाच असाल, तर लेन्सवर एनडी ८ हा प्रकाश अडवणारा करडा फिल्टर लावा, तीन स्टॉप कमी होतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट).

उलटी चूक पावसाळ्यात होते. आषाढी वारीत आकाश भरून आलेलं असतं. दाट ढगांत १०० च्या रोलला १/१२५ साठी एफ/५.६ लागतं, झाडाखाली एफ/४, आणि देवळात शिरलात की खेळ संपला. वारीला ४०० च न्यावा. थोडक्यात, ऊन बघून रोल घेऊ नका. त्या दिवशी सगळ्यात अंधाऱ्या कुठल्या जागी जाणार आणि आपल्या कॅमेऱ्याचं सगळ्यात वेगवान शटर कोणतं, या दोन गोष्टी बघा.

वारीतच कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटरही फसवतो. समोर पांढरी धोतरं-टोप्या भरल्या की तो त्यांना करडं करू पाहतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्या. किंवा त्याच उजेडात स्वतःच्या तळहातावर मीटर धरा आणि एक स्टॉप वाढवा. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर उलटं होतं, मीटर जास्त प्रकाश देतो. निगेटिव्ह फिल्म ते बऱ्यापैकी पचवते, स्लाइड फिल्म (जिच्यावर उलटं नाही, थेट सुलटं चित्र उमटतं) नाही. स्लाइडवर अर्धा स्टॉप चुकला तरी दिसतो.

"हलत्या गोष्टीला फास्ट फिल्म" हाही एक हट्ट. बैलगाडा शर्यत घ्या. समोरून आडवे धावणारे बैल थिजवायला १/१००० हवं, आणि स्वच्छ उन्हात ते १०० च्या रोलवरही मिळतं, हे वर आलंच. उलट गाड्याबरोबर कॅमेरा फिरवून मागची गर्दी ओढलेली दाखवायची असेल, तर १/६० लागतं. १०० वर ते एफ/२२ ला जमतं. ४०० वर एफ/२२ ला सुद्धा दोन स्टॉप प्रकाश जास्तच होतो.

फोटो हलला तर आधी नीट बघा काय हललंय. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढलेली असेल, तर हात हलला. ५० मिमी लेन्सला निदान १/६०, २०० मिमीला १/२५० हा ठोकताळा पाळा. मागची भिंत धारदार आणि माणूसच पुसट असेल, तर शटर त्या हालचालीला कमी पडलं.

अंगणातल्या हळदीत डोळ्यांखालच्या सावल्या घालवायला फ्लॅश लावतात आणि शटर १/५०० वरच ठेवतात. के १००० चं फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/६० आहे. त्याहून वेगात पडदा पूर्ण उघडतच नाही, फ्लॅश फ्रेमच्या एका पट्टीवरच पडतो. १०० चा रोल, १/६०, एफ/२२, आणि फ्लॅश जवळून. एवढ्या छोट्या छिद्रातून लांबचा फ्लॅश पोचत नाही.

मागच्या रोलचा आयएसओ डायलवर तसाच राहणं ही तर घरोघरची गोष्ट. ४०० चा रोल १०० वर निघाला तर निगेटिव्ह वाचते. १०० चा ४०० वर निघाला तर सावल्यांमध्ये काहीच उरत नाही. रोल अजून धुवायला दिला नसेल, तर दोन स्टॉप ‘पुश’ करायला, म्हणजे जास्त वेळ धुवायला सांगा. कॉन्ट्रास्ट वाढेल, पण चेहरे तरी ओळखू येतील.

रोल धुऊन आला की निगेटिव्ह उजेडासमोर धरा. फिकट, पारदर्शक असेल तर प्रकाश कमी पडला. पण कडेला छापलेली नावं-आकडेही पुसट असतील, तर दोष धुण्यात आहे. ती अक्षरं कॅमेऱ्यातून येत नाहीत.

अक्षरं ठीक, मीटर ठीक, तरी उन्हातले फोटो जास्तच उजळ? मग जुन्या शटरवर संशय घ्या. उन्हातल्या एकाच भिंतीचे, १०० च्या रोलवर, लागोपाठ चार फोटो काढा: १/१२५ ला एफ/१६, १/२५० ला एफ/११, १/५०० ला एफ/८, १/१००० ला एफ/५.६. चारही निगेटिव्ह सारख्या दाट, म्हणजे सारख्याच काळ्या, हव्यात. शेवटची जास्त दाट निघाली, तर तुमचं १/१००० प्रत्यक्षात १/५०० च्या आसपास चालतंय. सर्व्हिसिंग होईपर्यंत ते १/५०० च धरून चाला.