आठवडी बाजारातले आयुर्वेदिक औषध घेण्याआधी ते कसे तपासावे आणि तक्रार कुठे करावी

कापसाची वेचणी आटोपत आली की विदर्भातील आठवडी बाजारांत गुडघेदुखी, कंबरदुखी आणि ‘शुगर’वर औषध देणाऱ्यांच्या पालांभोवती गर्दी वाढते. तेथे मिळणारे प्रत्येक औषध वाईट असते असे नाही. पण चांगले कोणते आणि घातक कोणते, हे ओळखण्याचे काम आज बहुतांशी घेणाऱ्यालाच करावे लागते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी वेगळे प्रकरण असून, ही औषधे विक्रीसाठी तयार करणाऱ्याला परवाना घ्यावाच लागतो. ती नुसती विकणाऱ्याला मात्र ॲलोपॅथीच्या मेडिकल दुकानासारखा विक्री परवाना लागत नाही. म्हणून विकणारा कोण आहे यापेक्षा वेष्टनावर काय छापले आहे, हे आधी पाहावे.

लेबलवर औषधाचे नाव, ‘आयुर्वेदिक औषध’ असा उल्लेख, घटकद्रव्यांची प्रमाणासह यादी, उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख असली पाहिजे. परवाना क्रमांक नसलेली किंवा फक्त मोबाइल क्रमांक छापलेली पुडी घेऊ नये. काही डब्यांवर परवाना क्रमांकाऐवजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो. असा डबा कायद्याने खाद्यपदार्थ ठरतो, औषध नव्हे. त्यामुळे विकणारा त्यावर मधुमेह बरा होईल असे सांगत असेल, तर तो दावा बेकायदेशीर आहे. यात एक अपवाद आहे. नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध तयार करून देऊ शकतात आणि त्यांना उत्पादन परवान्याची अट नाही. अशा वेळी वैद्यांचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चांगले वैद्य याला नकार देत नाहीत.

बिब्बा, धोतरा, गुंज, कुचला, बचनाग ही नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत आणि म्हणूनच त्यांची भीती कमी वाटते. ही द्रव्ये, तसेच पारा, हिंगूळ आणि हरताळ, औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषारी म्हणून नोंदलेली आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ‘वनस्पतीचे आहे, त्याने काय अपाय होणार’ हे वाक्य किती फोल आहे, ते ही अनुसूची वाचली की कळते.

सर्वांत मोठा धोका मात्र लेबलवर कधीच दिसत नाही. सांधेदुखीच्या पुड्यांत डेक्सामिथासोनसारखे स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक, आणि मधुमेहाच्या चूर्णात ॲलोपॅथीची साखर उतरवणारी गोळी कुटून मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. वर्षानुवर्षांचे दुखणे एक-दोन दिवसांत थांबले, भूक अचानक वाढली, चेहरा गोल होऊन सुजला किंवा रक्तातील साखर आणि रक्तदाब चढला, तर स्टेरॉइडचा संशय घ्यावा. येथे एक गोष्ट जीव वाचवणारी आहे: अशी पुडी अनेक आठवडे घेतली असेल तर ती परस्पर एकदम बंद करू नये, कारण तोपर्यंत शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावलेले असते. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना दाखवावी. त्याचप्रमाणे, पालावरच्या औषधाच्या भरवशावर मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा सिकलसेलच्या चालू गोळ्या थांबवू नयेत.

जाहिरातीसाठी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, लकवा, मिरगी, मुतखडा, वंध्यत्व अशा यादीतील आजारांवर इलाजाची जाहिरात करणे, मग ती पत्रकाची असो, भोंग्यावरची असो वा मोबाइलवर फिरणारी, हा गुन्हा आहे. त्यामुळे पत्रक फाडून न टाकता जपून ठेवावे, कारण तोच पुरावा असतो.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे साध्या मराठीत लिहावी. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. विक्रीचे ठिकाण व बाजारवार, विक्रेत्याचे वर्णन किंवा गाडीचा क्रमांक, लेबलच्या सर्व बाजूंचे फोटो आणि पावती जोडावी. पावती मिळाली नसेल तर तसे लिहावे. पुढच्या बाजाराच्या दोन-तीन दिवस आधी तक्रार पोहोचली तर औषध निरीक्षकाला विक्रेता जागेवर सापडण्याची शक्यता वाढते. उरलेले औषध मूळ वेष्टनातच ठेवावे, दुसऱ्या डबीत काढू नये. अपाय झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर वेगळे कळवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि काहीच हालचाल दिसली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जावर काय कारवाई झाली ते विचारावे. त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.