खडीच्या रस्त्यावर दुचाकी: या चुका टाळा

गावाकडच्या अपघाताची बातमी ठरलेल्या साच्यात येते: ‘खडीवरून दुचाकी घसरून तरुणाचा जागीच मृत्यू’. वाचणारा म्हणतो, पोरगं जोरात असणार, नाहीतर रस्ता खराब असणार. बहुतेकदा दोन्ही खरं असतं. पण रोज त्याच रस्त्याने त्याच वेगात शंभर जण जातात आणि त्यातला एक पडतो. का, ते बातमीत येत नाही. माझं निरीक्षण असं, की डांबर संपून खडी लागते त्या पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच बहुतेकांचा घात होतो. जे आधी करायचं, ते खडीवर आल्यावर केलं जातं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हेल्मेट न घालता गेलेल्यांची संख्या ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ तर मागे बसलेले होते. हे सरकारी आकडे आहेत.

ब्रेक उशिरा मारणं

ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा एक सेकंद गेलाच. पुढे कोरड्या डांबरावर ती साधारण ९ मीटरांत थांबते. सैल खडीवर टायरची पकड निम्मीच, त्यामुळे १८ मीटर लागतात. वेग ६० असेल तर सगळं मिळून अंतर ५५ मीटरच्या पुढे जातं. म्हणून खडी दिसली की डांबरावर असतानाच वेग उतरवा, एक-दोन गिअर खाली या, आणि खडीवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हलक्या रेसवर ओढत ठेवा. उतारावर पेट्रोल वाचवायला क्लच दाबून किंवा न्यूट्रलला गाडी सोडायची सवय असते. इंजिनाचा रोध असा घालवला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि खडीवर ब्रेकचाच भरवसा सगळ्यात कमी.

‘खडीवर पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही’ हा कट्ट्यावरचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. खचकन दाबला तर पुढचं चाक निसटतं, हे खरं. पण नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी लांबवर घसरत जाते. दोन्ही ब्रेक, दोन बोटांनी, हळूहळू वाढवत. हँडल वळलेलं असताना मात्र पुढचा नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान सीबीएस आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला तरी पुढचा थोडा लागतोच. घरात जुनी आणि नवी अशा दोन गाड्या असतील, तर पायाला दोन्हींची ओळख वेगवेगळी करून द्या. एबीएस असलेलं चाक लॉक होत नाही, पण सैल खडीवर थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही. उलट थोडं वाढूही शकतं.

सगळ्यात फसवी: कच

पूर्ण कच्चा रस्ता त्यातल्या त्यात प्रामाणिक असतो, समोर दिसतो तसाच असतो. माणूस खाते ती डांबरावर पसरलेली कच. सीलकोट (डांबराचा वरचा पातळ थर) झाला किंवा खड्डे बुजवले की बारीक खडी वर मोकळी राहते. गाड्यांची चाकं ती ढकलत ढकलत वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि रस्त्याच्या मधोमध नेऊन जमवतात. खाली टणक डांबर आणि वर सुटे दाणे, म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं. अशा वळणावर चाकांनी झाडून काढलेल्या चाकोरीतूनच जा, गाडी कमीत कमी झुकवा आणि चाकोरी बदलायची वेळ आलीच तर गाडी सरळ उभी असताना बदला. झाडलेला पट्टा समोरच्याच्या बाजूला असला म्हणून तिकडे जायचं नाही.

दुसरी जागा साइडपट्टीची. समोरून ट्रक येतो, रस्ता एका गाडीपुरता, तुम्ही मुरमात उतरता. उतरताना सहसा काही होत नाही. ट्रक गेला की माणूस त्याच वेगात तिरका वर चढायला जातो. डांबराची कड चार-सहा इंच उंच असते, पुढचं चाक कडेला घासत जातं, वर चढत नाही, हँडल फिरतं आणि गाडी रस्त्यावर आडवी होते, नेमकी मागून येणाऱ्या गाडीसमोर. खाली उतरलात तर खालीच वेग कमी करा, मुरूम डांबराला टेकलाय अशी जागा बघा, मागे वळून बघा आणि मग चढा. अर्धा मिनिट जातो.

हँडल आवळून धरणं

खडीवर पुढचं चाक थोडं इकडेतिकडे होणारच. ते बिघाडाचं लक्षण नाही. घाबरून हँडल आवळलं की ती थरथर खांद्यापर्यंत येते आणि माणूस स्वतःच उलट झटके देऊ लागतो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा, नजर चाकापुढच्या दगडावरून उचलून वीस-तीस मीटर पुढे टाका.

मात्र साध्या रस्त्यावरही गाडी हलत असेल तर ती मेकॅनिककडे न्या. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे केल्यावर हँडलच्या नळीत ‘टक’ लागत असेल तर कोन सेट (हँडलच्या नळीतलं बेअरिंग) गेला. मागून कंबर हलवल्यासारखी वाटत असेल तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, ढिले स्पोक किंवा मागच्या टायरची कमी हवा. ब्रेक कधी लागतो कधी नाही, तर ड्रममध्ये धूळ बसलेली असते. खडीसाठी टायरची हवा खूप कमी करणं हाही गैरसमज. ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी असली की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते. कंपनीने सांगितलेल्या आकड्याला धरून राहा.

ओझ्याचंही तेच. दुधाचे दोन भरलेले कॅन मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असतील, तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवलं तरी गाडी सरळ जायला बघते. कॅन शक्य तितके पुढे आणि खाली बांधा. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या माणसाचा तोल पहिल्याच हिसक्याला जातो. मागे आई किंवा काकू असली तरी दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा, साडीचा पदर आणि ओढणी चाकापासून आवरून.

धुरळ्यात ओव्हरटेक

हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे धुरळ्याची भिंत असते. पुढचं दिसत नाही आणि समोरच्यालाही तुम्ही दिसत नाही. मागे राहा. रात्री तर ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बंद पडलेली ट्रॉली मागे दोन दगड लावून उभी.

‘इथंच तर जायचंय’

पाउलो गोन्साल्विस हा हिरोच्या संघाचा पोर्तुगीज रायडर. तेराव्यांदा डाकार रॅली, म्हणजे लांब पल्ल्याची वाळवंटी शर्यत, धावत होता. १२ जानेवारी २०२० ला सौदीच्या वाळवंटात पडला आणि गेला. अंगावर सगळा जामानिमा, मदतीला हेलिकॉप्टर. आणि आपल्याकडे ‘रोजचा रस्ता आहे’ म्हणून हेल्मेट आरशाला टांगलेलं, पायात चप्पल. आयएसआयचं हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी उडतं. मागच्यालाही हवंच, कायद्याच्या कलम १२९ मध्ये दोघंही आहेत.

पडल्यानंतरच्या चुका

लोक धावतात, ते चांगलंच. पण पहिल्या झटक्यात त्याला काखेत हात घालून उठवतात, हेल्मेट ओढतात, तोंडात पाणी ओततात आणि एका मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. मानेला मार असेल तर यातली कुठलीही हलवाहलव त्याला कायमचा अधू करू शकते. १०८ ला फोन लावा, लागला नाही तर ११२. जागा सांगताना फाटा, पूल, किलोमीटरचा दगड सांगा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. श्वास अडत असेल तरच हेल्मेट काढा, आणि तेही एकाने मान-जबडा स्थिर धरून, दुसऱ्याने. अँब्युलन्स येणारच नसेल तर फळीवर आडवं ठेवून पिकअपमधून न्या. पोलीस मागे लागतील ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ आलं, मदत करणाऱ्यावर दावा किंवा गुन्हा लावता येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही.

कपडे झटकून ‘काय नाय झालं’ म्हणत उठतो, त्याच्यावरही लक्ष ठेवा. डोक्याला लागलं असेल तर त्याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका, रात्री एकटं झोपवू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बडबड, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात हलवा.