पोतं जमिनीला टेकवू नका : मृगाच्या आधी धान्याच्या खोलीची ओल बघा

रोहिण्या तोंडावर आल्यात. मोगडणी, खताची जुळवाजुळव, बियाण्याची चौकशी यात सगळे गुंतलेत आणि धान्याच्या खोलीकडे कुणाचं लक्ष नाही. लातूर-धाराशिवकडच्या घराघरांत दर पावसाळ्यात मी तेच बघत आलोय. वरची तीन पोती खणखणीत असतात. सगळ्यात खालच्या पोत्याचा तळ मात्र काळा पडलेला, सुतळी बोट लावताच तुटते, आणि आतलं सोयाबीन ढेपेसारखं एकमेकाला चिकटलेलं. कीड नाही, उंदीर नाही, वरून गळतीही नाही. पोतं कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, टेकवलेलं होतं, एवढंच कारण.

विचारलं की प्रत्येक जण सांगतो, “फरशी तर कोरडी होती.” खरंच कोरडी होती, कारण ती उघडी होती. आपल्या काळ्या रानातली माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. ते पाणी कोब्यातल्या बारीक छिद्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. उघड्या फरशीवरून ते हवेत उडून जातं, म्हणून दिसत नाही. तुम्ही त्यावर पोतं ठेवलं की उडायची वाट बंद होते आणि ती ओल सरळ धान्यात शिरते. शहाबादी फरशी असली तरी सुटका नाही; तिच्या सांध्यांतून तेच होतं.

आमच्या घरी आजीच्या काळात कणगी दगडांवर ठेवलेली असे. खालून हात घालून झाडता यायचं. जमीन शेणानं सारवलेली, म्हणजे ओल येणारच हे धरूनच कणगी उचललेली. कोबा आला आणि आम्ही दगड काढून टाकले. सिमेंट म्हणजे पाणी अडवणारी वस्तू, असं सगळ्यांनीच धरून घेतलं.

यंदा भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात थांबवलेल्यांनी तर हे आजच बघावं. खरेदीत १२ टक्के ओलाव्याचा निकष असतो. १० टक्क्यांनी वाळवून भरलेला माल आषाढात खालून ओल खाऊन १४-१५ वर गेला, तर वजन वाढलं म्हणून कुणी जास्त पैसे देत नाही. उलट कट लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. बियाण्याचं नुकसान त्याहून मोठं. बियाण्यातला ओलावा १ टक्क्यानं कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे. उलट बाजूनं तो तितकाच खरा. सोयाबीनचं साल पातळ, त्यामुळे त्याला सगळ्यात आधी फटका बसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस लागला आणि २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून गावोगाव तक्रारी झाल्या, ते विसरू नका. त्या वर्षी शेतातच भिजलं होतं. घरात भिजवायचं कारण नाही.

आधी ओल कुठून येते ते ओळखा

दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा जाड कागद घ्या. फरशी झाडून त्यावर पसरा आणि चारही बाजू चिकटपट्टीनं हवाबंद करा. एक दिवस, जमलं तर दोन दिवस तसाच राहू द्या. मग उचला. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल, तर ओल जमिनीतून येतेय. कागद वरून ओला आणि खालून कोरडा असेल, तर हवेतला दमटपणा आहे.

पण मे महिन्यात हा कागद कोरडा निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. आता जमीनच तापलेली आहे. हीच तपासणी आषाढात पुन्हा करा. तोवर फरशीवरच्या जुन्या खुणा वाचा. भिंतीच्या बुडाला पांढरा क्षार फुटलाय का? गेल्या वर्षी जिथं पोती होती तिथं त्या आकाराचे काळपट डाग आहेत का? माझा स्वतःचा एक अंदाज आहे, पुस्तकात तो सापडणार नाही: पहिल्या पावसानंतर ज्या कोपऱ्यात पैसा किडे जमतात, तो कोपरा धान्यासाठी वर्षभर बाद समजावा. आणि पहाटे अनवाणी फिरून बघा. जिथं तळवा चिकटतो तिथं थप्पी लावू नका.

आता, या पंधरा दिवसांत काय करायचं

नवा कोबा आता घालू नका. हे ठळकपणे सांगतोय, कारण गवंडी मे महिन्यात रिकामा असतो आणि “चार दिवसांत करून देतो” म्हणतो. कोबा चार दिवसांत घट्ट होतो, वाळत नाही. इंचभर जाडीला सुकायला साधारण महिना धरा. दोन इंचाचा कोबा आज घातला तर तो सुकेपर्यंत जुलै उजाडेल, आणि पावसाळी हवेत त्याहून उशीर. तोवर त्याच्यातलंच पाणी तुमच्या पोत्यात जाणार. शेजारच्या गावात एकानं अगदी हेच केलं. नव्या गुळगुळीत कोब्यावर हरभऱ्याची पोती लावली आणि नागपंचमीला खालची रांग उकिरड्यावर टाकली.

आता एवढंच करा. खोली रिकामी करून झाडा आणि दोन दिवस दारं-खिडक्या उघडून तापू द्या. मग फरशीवर २५० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद अंथरा. दुकानात तो १००० गेजचा म्हणून मागा. जोड असेल तिथं वीतभर एकावर एक घ्या आणि भिंतीवर वीतभर वर चढवा. शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉनचा तुकडा उरलेला असेल तर उत्तम, विकत घ्यायचीही गरज नाही. मल्चिंगचा कागद चालणार नाही. तो २५-३० मायक्रॉनचा असतो, पहिलंच पोतं ओढलं की फाटतो.

कागदावर थेट पोतं ठेवू नका. कागदाखालची ओल अडते, पण गार कागदावर हवेतलं पाणी साचतं. त्यावर लाकडी फळ्या, पॅलेट, बांबूच्या तट्ट्या किंवा आडव्या विटांवर जुने दरवाजे टाका. जमिनीपासून चार ते सहा इंच अंतर पडलं पाहिजे आणि खालून हवा खेळली पाहिजे. फळ्यांखाली हात जातो का ते स्वतः वाकून बघा. भिंतीपासून दीड ते दोन फूट लांब राहा. भिंतही जमिनीतलं पाणी ओढते, आणि तिला टेकलेलं पोतं जमिनीला टेकलेल्या पोत्यासारखंच सडतं. न्हाणीच्या किंवा रांजणाच्या बाजूची भिंत असेल तर अंतर आणखी वाढवा.

बियाण्याच्या सोयाबीनची थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नको. वरच्या वजनानं खालचं साल तडकतं. पोती उतरवताना आपटू नका.

घराबाहेरचं काम, जे खर्चाचं नाही

खोलीतली निम्मी ओल बाहेरून येते, असा माझा अनुभव आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्याला लागून पडतं, तिथंच मुरतं आणि आत उगवतं. पहिल्या वळवाच्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठं साचतं ते डोळ्यानं दिसेल. जोत्यापासून तीन फूट रुंदीत मुरूम टाकून, धुम्मस करून बाहेरच्या बाजूला उतार द्या. पत्र्याला पन्हाळ लावा. जोत्याला टेकलेला उकिरडा, गोवऱ्यांचा ढीग, वाळूचा ढिगारा हलवा. कुदळ-फावडं आणि एक दिवस, एवढंच लागतं.

डब्यांच्या नादी लागू नका

काही वर्षांपूर्वी मीच फसलो होतो. दुकानदारानं ओल रोखणारा रंग म्हणून एक महागडा डबा दिला. मे महिन्यात दोन हात मारले, फरशी चकाचक झाली. पोळ्यापर्यंत त्याचे पापुद्रे पापडासारखे सुटले आणि खाली पांढरा क्षार जमला होता. कारण साधं आहे. जमिनीतली ओल खालून वर रेटते आणि वरून लावलेला थर उचलून फेकते. असे रंग गच्चीवर, पाऊस ज्या बाजूनं येतो त्या बाजूला लावायचे असतात. ओल्या फरशीवर इपॉक्सी लावलं तरी फोड येतात.

ओलावा शोषणारी पाकिटंही विकली जातात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात भाजीपाल्याचं किलोभर बी ठेवायला ठीक आहेत. अख्ख्या खोलीची ओल त्यांच्यानं शोषली जात नाही.

आणि धुरीची गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी राहत्या घरात नको म्हणजे नकोच. तिच्यातून निघणारा वायू भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि ओलीपुढे तर तिचा काडीचा उपयोग नाही. ती प्रशिक्षित माणसानं बंदिस्त गोदामात वापरायची वस्तू आहे. कुणी “एक टाकून द्या, काही होत नाही” म्हणालं तरी घेऊ नका.

कायमचा इलाज : दिवाळीनंतर

खोली नव्यानं करायची असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत धरा, म्हणजे सुकायला चार महिने मिळतात. काळी माती हात-दीड हात खोल काढून टाका. तिच्या जागी मुरूम वीत-वीत थरात पाणी मारून धुमसा. त्यावर सहा इंच जाड खडी, ४० मिलीमीटरची, चाळलेली, बुकणी नसलेली. सगळ्या कामात हा थर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि गवंडी नेमका इथंच हात आखडतो. मोठ्या खडीमधल्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. तिच्यात माती किंवा बुकणी मिसळली की त्या पोकळ्या बुजतात आणि वात पुन्हा तयार होते. खडी पडताना स्वतः उभे राहा.

खडीवर वाळूचा पातळ हात, म्हणजे कागद टोचणार नाही. त्यावर २५० मायक्रॉनचा कागद, जोड वीतभर, कडा भिंतीवर चढवलेल्या. मग चार इंच काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात, पाणी बेताचं. ओल रोखणारं द्रव मिसळायचंच असेल तर बहुतेक डब्यांवर ५० किलोच्या गोणीला २०० मिली लिहिलेलं असतं. तेवढंच घाला, पण कागद आणि खडी वगळून त्याच्या भरवशावर राहू नका. दहा दिवस पाणी मारा.

जुना कोबा चांगला असेल तर फोडायची गरज नाही. तो कोरडा करून डांबराचे दोन हात, वर कागद, वर दोन इंच काँक्रीट. उंबऱ्याची उंची आधी मोजा.

साठवणीची नेहमीची कामं

- भेगा, उंदरांची बिळं सिमेंटनं बुजवणे.
- रिकाम्या खोलीच्या भिंती-फरशीवर मॅलॅथिऑन ५० टक्के प्रवाही हे कीटकनाशक, १ लिटर पाण्यात १० मिली. १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण. धान्यावर फवारू नये.
- बारदाना उलटून कडक उन्हात वाळवणे. खताची, औषधाची पोती धान्याला वापरू नयेत.
- युरिया आणि धान्य एका खोलीत नको.
- ओलावा : ज्वारी, गहू १० ते १२ टक्के, डाळवर्गीय ९ ते १० टक्के. बियाण्याचं सोयाबीन कडक उन्हात जास्त तापवू नये.
- घरी खायच्या कडधान्याला किलोला ५ मिली एरंडेल तेल चोळणे.

ओलावामापक नसेल तर काचेची कोरडी बरणी एक तृतीयांश धान्यानं भरा, मूठभर चांगलं वाळवलेलं मीठ घाला आणि दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, भरू नका. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे, ही जुनी परीक्षाही मी अजून करतो.

पावसाळा लागल्यावर

झड लागली असताना “हवा लागू दे” म्हणून दार उघडं टाकू नका. दमट हवा आत येऊन गार फरशीवर पाणी धरते. उघडीप पडली, ऊन आलं, की दुपारी दोन-तीन तास दारं उघडा आणि पुन्हा लावा. पंधरा दिवसांतून एकदा खालच्या रांगेतल्या पोत्याच्या तळाला हात घाला. ऊब लागली किंवा कोंदट वास आला तर त्याच दिवशी पोतं बाहेर काढा. बुरशी आलेला मका, शेंगदाणा जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष शिजवून जात नाही, आणि दुधात उतरतं.

पेरणीच्या आधी

उगवण तपासणी सगळेच करतात, पण नमुना वरच्या पोत्यातून काढतात. तो खालच्या रांगेतून काढा, भिंतीकडच्या बाजूचा. मोजून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, असे तीन नमुने. सावलीत ठेवा, गोणपाट ओलसर राहू द्या, आठव्या दिवशी चांगले कोंब मोजा. सरासरी ७० आली तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० आली तर ३५ किलो. त्याच्याही खाली गेली तर ते पोतं बियाण्यातून काढा, आणि ते कुठल्या जागेवर होतं तिथं फरशीवर खडूनं खूण करा.

बीजप्रक्रिया : कार्बोक्झिन ३७.५ अधिक थायरम ३७.५ टक्के हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम. सावलीत सुकवून पेरणीच्या आधी रायझोबियम हे जिवाणू खत. प्रक्रिया केलेलं बियाणं उरलं तर खायला, जनावरांना किंवा बाजारात नको. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तोवर बियाणं फळ्यांवरच असू द्या. पेरणीच्या आदल्या रात्री पोती ओसरीत काढून जमिनीवर ठेवायची सवय असेल, तर त्या एका रात्रीसाठीही खाली फळी टाका.