सूत्र पाठ, उत्तर चूक: इंजिनाचं गणित करताना या चुका टाळा

पुण्यात नाना पेठेत रिबोअर (झिजलेला सिलिंडर परत कातून सरळ करणं) आणि इंजिनाच्या हेडचं काम करतो. सबमिशन जवळ आलं की डिप्लोमाची पोरं जर्नल घेऊन दुकानात येतात, रीडिंग घेतलेलं असतं, सूत्र पाठ असतं, तरी उत्तर भलतंच आलेलं असतं. घोळ बहुतेक वेळा एकच, आपण नक्की काय मोजलं हेच बघितलेलं नसतं.

पहिला नंबर कम्प्रेशन रेशोचा, म्हणजे पिस्टन तळाला असतानाची सिलिंडरमधली सगळी जागा भागिले तो वर आल्यावर उरलेली जागा. पोरं स्वेप्ट व्हॉल्यूमला (पिस्टन वर-खाली फिरतो तेवढी जागा) सरळ क्लिअरन्स व्हॉल्यूमने (पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा) भागून मोकळे होतात. अरे बाबा, पिस्टन खाली गेला तरी वरची जागा कुठे पळून जात नाही, ती पण धरायची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी असेल तर स्वेप्ट ९७.२ सीसी, आणि क्लिअरन्स १२ सीसी धरला तर (९७.२ + १२) ÷ १२ म्हणजे ९.१. चुकीच्या पद्धतीने ८.१ येतं. बरोब्बर एक कमी येतो, त्यावरून चूक लगेच ओळखता येते.

आता हा १२ आणायचा कुठून? इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. याच मापाच्या एका गाडीचं हेड काढलं, काठाला ग्रीस लावून वर भोकाची अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवली, ब्युरेटने (मापाच्या खुणांची काचेची नळी) थेंब थेंब तेल सोडलं, ९.९ सीसी भरलं. पिस्टन सपाट, वर आला की सिलिंडरच्या काठाशी बरोबर, म्हणजे झालं की! रेशो आला १०.८, गिऱ्हाइकाला पण ऐटीत सांगून टाकलं. रात्री जेवताना आठवलं, हेड आणि सिलिंडरच्या मधलं गॅस्केट राहिलं राव. ५२ मिमी भोकाचं, दाबल्यावर १ मिमी उरणारं गॅस्केट म्हणजे २.१ सीसी, ते मिळवलं की १२ आणि रेशो परत ९.१. एवढ्याशा पत्र्याने आकडा कुठे नेला बघा. हेड न काढता प्लगच्या भोकातून तेल भरणार असाल तर पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला), दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि इंजिन असं तिरकं करा की भोक सगळ्यात वर येईल, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेल कमी मावतं. प्लगच्या आट्यांमध्ये भरलेलं तेल वजा करायला विसरू नका.

आणि कम्प्रेशन गेजचा (प्लगच्या भोकात लावून दाब मोजायचं मीटर) आकडा म्हणजे रेशो नव्हे! दीडशे पीएसआय आलं की १४.७ ने (बाहेरच्या हवेचा दाब) भागून १०.२ सांगणारे भरपूर भेटतात. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, त्यात हवा दाबताना तापते, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, त्यामुळे इथली हवाच मुळात पाच-एक टक्के विरळ. मुंबईच्या मित्राच्या रीडिंगशी तुलना करून रिंगा बदलायला येऊ नका. गेज लावताना इंजिन गरम आणि थ्रॉटल पूर्ण उघडा पाहिजे. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून परत किक मारा. चांगला वाढला तर संशय रिंगांवर, तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर.

टॉर्क-पॉवरमध्ये पोरं दोरीच्या ब्रेकवर अडकतात, म्हणजे फिरत्या ड्रमवर दोरी गुंडाळून एका टोकाला वजन, दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स लावून मोजतात त्यावर. ड्रमचा व्यास ३० सेमी, दोरी २ सेमी जाड, वजन १७ किलो, स्प्रिंग बॅलन्स २ किलो, आरपीएम १५००. फरक १५ किलो, त्याला ९.८१ ने गुणायचं, कारण किलो हे वस्तुमान झालं, बल न्यूटनमध्ये पाहिजे. त्रिज्या दोरीच्या मध्यापर्यंत, म्हणजे १६ सेमी, १५ नाही. टॉर्क २३.५ न्यूटन-मीटर, त्याला २ × पाय × १५०० ÷ ६० ने गुणलं की ३.७ किलोवॅट, म्हणजे जवळपास ५ एचपी. दोरी विसरलात तर ३.४७ येतं, ते एकवेळ खपून जाईल, पण त्रिज्येऐवजी व्यास टाकणारा ७.४ लिहितो आणि पाच एचपीच्या इंजिनातून दहा काढल्याचं त्याला काही वाटत पण नाही. ब्रोशरमधला पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि एचपी पण एक नाही, १ किलोवॅट म्हणजे १.३४ एचपी पण १.३६ पीएस. चाकावर मोजलेली पॉवर क्रँकपेक्षा कमीच येणार, मध्ये गिअर आणि चेन खातात.

मोर्स टेस्टमध्ये (जास्त सिलिंडरच्या इंजिनात एकेक सिलिंडर बंद करून इंडिकेटेड पॉवर, म्हणजे सिलिंडरच्या आत तयार होणारी पॉवर, काढतात ती) एक सिलिंडर बंद केला की लोड कमी करून आरपीएम परत पहिल्या आकड्यावर आणा, मगच रीडिंग घ्या. आरपीएम पडलेलं असताना घेतलेलं रीडिंग फुकट.

मेकॅनिकल एफिशियन्सी म्हणजे ब्रेक पॉवर (शाफ्टवर प्रत्यक्ष मिळणारी) भागिले इंडिकेटेड पॉवर, यात डिझेलच्या खपाचा संबंधच नाही, तो थर्मल एफिशियन्सीत येतो. फोर स्ट्रोकला पॉवर स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून इंडिकेटेड पॉवर काढताना आरपीएम निम्मं घ्यायचं. परवा एकाने पूर्ण १५०० टाकलं, ४.६ च्या जागी ९.२ किलोवॅट आलं, एफिशियन्सी ८० ची ४० झाली, आणि पठ्ठ्याने निष्कर्षात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिन जुने असल्यामुळे घर्षण जास्त आहे.'