सील आणि पतंग यांची तुलना कशी मांडावी

शाळेच्या प्रकल्पासाठी असा विषय मिळाल्यास कोष्टक आखण्यापूर्वी दोन्हीकडची नेमकी जाती ठरवावी. खरे सील, म्हणजे पाण्यात राहणारे सस्तन प्राणी, हे जेमतेम अठरा जातींचे एक कुल. पतंग (दिव्याकडे येणारा कीटक) या शब्दात मात्र शंभराहून अधिक कुले आणि लाखाहून अधिक जाती येतात. त्यामुळे ‘सील संकटात, पतंग सुरक्षित’ या वाक्याला अर्थ राहत नाही.

आपल्या किनाऱ्यावर सील नाही, म्हणून कॅस्पियन सील घ्यावा. पतंग मात्र घरचाच असावा. पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरी सोप्यावरच्या दिव्याशी ताटलीएवढा तांबूस पतंग येऊन बसतो. त्याच्या पुढच्या पंखांची टोके नागाच्या फणीसारखी वळलेली असतात आणि पंखांवरच्या त्रिकोणी, पारदर्शक खिडक्यांतून मागची भिंत दिसते. त्याला सरसकट ‘अॅटलास’ म्हणतात. पण दक्षिण भारतात व श्रीलंकेत अटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जाती आढळते. म्हणून जाणकाराने ओळख पटवेपर्यंत अटॅकस या प्रजातीवरच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या नावावरच थांबावे. (वर्तमानपत्रे जातीलाही प्रजाती म्हणतात, कोष्टकात तो घोळ नको.)

वर्गीकरण सृष्टीपासून खाली लिहीत जावे. प्राणिसृष्टी दोघांची एकच असली तरी संघापासूनच वाटा फुटतात. सील समपृष्ठरज्जू, सस्तन आणि कुत्र्या-मांजरांच्याच मांसाहारी गणातला, कुल फोसिडी. पतंग संधिपाद, कीटक, गण लेपिडोप्टेरा, कुल सॅटर्नायडी.

खरी काळजी संवर्धनस्थितीच्या रकान्यात घ्यावी लागते. आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) लाल यादीत कॅस्पियन सील 2008 पासून ‘संकटग्रस्त’ आहे. संख्येतील घट मोजताना ही यादी दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल तो धरते. सीलच्या तीन पिढ्यांना कित्येक दशके लागतात. वर्षभरात पिढी पुरी करणाऱ्या पतंगाला दहा वर्षांचाच हिशोब लागू होतो. म्हणजे निकष तोच असूनही मोजपट्टीची लांबी बदलते, आणि हे टिपेत लिहिणे मला आवश्यक वाटते.

पतंगांच्या बहुतांश जाती या यादीसाठी तपासल्याच गेलेल्या नाहीत. मी पहिल्यांदा असे कोष्टक केले, तेव्हा नोंद न सापडलेल्या पतंगापुढे ‘धोका नाही’ लिहून मोकळा झालो होतो. तिथे ‘मूल्यमापन झालेले नाही’ असेच लिहावे, कारण ‘कमी चिंतेची’ आणि ‘अपुरी माहिती’ हे दोन्ही शेरे मूल्यमापनानंतरच मिळतात. शेजारी यादी पाहिल्याची तारीखही घालावी.